चौथीचा चेंडू

५ तारीख, रविवार. दुपार.

तर सगळ्यांत आधी आत आली ती बॅग. माणसाएवढी उंच, खांद्याला पट्टा, डोक्यावर लोकरीची टोपी. मी म्हटलं, या, बसा. मग कळलं माणूस मागे आहे. मागे व्याही, घामाघूम, आणि त्यांच्या मागे विहीणबाई, हात हलवत, चेहऱ्यावर घामाचा टिपूस नाही. सूनबाईंची आई ती. शाळेत हेडमास्तरीण होत्या. रिटायर झाल्या, पण घंटा अजून डोक्यात वाजते.

बॅगेत काठ्या निघाल्या. मला वाटलं पडद्यांचे रॉड. मनात खूश झाले होते, हॉलमधला कधीचा वाकलाय. तर म्हणे गोल्फ.

आमची नात भिंगरी गल्लीच्या टोकाच्या क्लबात गोल्फ शिकते. अकरा वर्षांची आहे आणि एका जागी बसेल तर शप्पथ, म्हणून भिंगरी. चहा पिता पिता तिने बातमी फोडली. पुढच्या महिन्यात क्लबात जोडीचा सामना आहे. एक नातवंड आणि एक आजी नाहीतर आजोबा. विहीणबाई म्हणाल्या, मी आहेच. मी म्हटलं, मीपण आहेच. सगळ्यांनी कप खाली ठेवले.

हे म्हणाले, अगं तू कधी काठी हातात धरलीस? मी म्हटलं, धरली असती तर तुम्ही एवढं बोलला असता का.

शेवटी पोरीनेच न्याय केला. सव्वीस तारखेला रविवारी दोघी तीन होल खेळा, कमी फटक्यांत चेंडू भोकात घालेल तिचा होल, जास्त होल जिंकेल ती माझी जोडीदार. ठरलं. माझा नेम घरात सगळ्यांना माहीत आहे. मांजराला जास्त.

रात्री.

खरं सांगायचं तर मला त्या सामन्याच्या बक्षिसाचं काही नाही. ही पोर माझ्या मांडीवर वाढली. हल्ली तिकडच्या आजीशी फोनवर तासभर काठ्यांचं बोलते. माझ्याशी बोलते ते, आजी, माझे मोजे कुठायत. आता बोलेल माझ्याशी पण.

७ तारीख, मंगळवार.

क्लबात गेले. भिंगरीची जुनी काठी घेतली. बराच वेळ मारलं. गवत लांब गेलं. चेंडू जागेवर.

विचार केला. काठी तीच, जिने भिंगरी मारायची. हात माझेच, आणि त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. उरला कोण? चेंडू. क्लबातला फुकटचा चेंडू तो, मेल्यात जीवच नाही.

घरी सांगितलं, मला चेंडू बदलून पाहिजे. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, अंगण वाकडं निघालं वाटतं. मी उत्तर दिलं नाही. मोठ्या खेळाडूंनी बोलू नये.

८ तारीख, बुधवार.

क्लबाच्या दुकानात काउंटरवाला आहे, मिशा बारीक, बोलणं मोठं. त्याने विचारलं, आजी, तुमची लेव्हल काय? मी म्हटलं, तूच सांग, मला बघून काय वाटतं?

मग त्याने एक कापलेला चेंडू दाखवला. आत कांद्यासारखे थर. म्हणे जे जोरात मारतात त्यांना जास्त थरांचा लागतो. तुमच्यासारख्यांनी मऊ घ्यावा, दोन थरांचा, स्वस्तातला, हरवला तरी वाईट वाटणार नाही असा. आणि एकदा घेतला की तोच ठेवा, रोज बदलू नका. काउंटरशेजारी एक बादली होती. त्यात तळ्यातून काढलेले जुने चेंडू. म्हणे, सुरुवातीला यातले न्या की.

बादलीतले. मला. विहिणीसमोर मी बादलीतला चेंडू घेऊन उभी राहू?

सगळे चेंडू दाबून बघितले, टोमॅटो घेताना बघते तसे. एक फरशीवर आपटला. तो काउंटरवाल्याच्या डोक्यावरून कपाटावर गेला. म्हणजे जीव आहे. तोच डबा घेतला. लाल डबा, सगळ्यांत वरचा, चॅम्पियन लोकांचा.

घरी येऊन उघडला आणि काय सांगू. चेंडूंवर आकडे. तीन चेंडूंवर १, तीनवर २, तीनवर ३, तीनवर ४. पाचवर काही नाही, पाच नाहीच. माझ्या लगेच लक्षात आलं. पहिली ते चौथी. एका डब्यात सगळी प्राथमिक शाळा, आणि एकेका इयत्तेला तीन तीन चेंडू, म्हणजे नापास व्हायचीसुद्धा सोय. बनवणारा शहाणा माणूस असणार.

मी स्वतः चौथी पास आहे. पाचवीला वडिलांनी घातलं नाही. भावाला घातलं, त्याने काय दिवे लावले ते जाऊ दे.

हे कुणाला सांगायचं नाही. विहीणबाई पहिल्या नंबरचा चेंडू खेळतात, मी रविवारी बघितलंय. हेडमास्तरीण आणि अजून पहिलीत. बसू दे.

११ तारीख, शनिवार.

पहिलीचे तिन्ही चेंडू तळ्यात गेले. म्हणजे पहिली झाली.

१२ तारीख, रविवार.

पाहुणे पुन्हा हजर. आज व्याही आधी, बॅग नंतर, बॅग आता चाकांवर आहे. विहीणबाईंनी माझा सराव बघितला. म्हणाल्या, विहीणबाई, खांदा सैल सोडा हो, कपडे पिळताय का. मी म्हटलं, तुमच्याकडे मशीन आहे, तुम्हाला काय ठाऊक पिळणं. व्याही हसले आणि मग विहीणबाईंकडे बघून हसायचे थांबले.

पण पुढचा चेंडू गेला खरा. दुसरीचा होता. थेट तळ्यापर्यंत, मध्ये कुठे न थांबता. हे त्या दुसरीचंच यश. विहीणबाईंना वाटतं त्यांच्या खांद्याचं. वाटू दे, म्हाताऱ्या माणसाचा आनंद कशाला घालवायचा. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या आहेत, पण दिसतात.

१५ तारीख.

पाऊल दुखतंय. घरात सराव. हॉलच्या गालिच्यावर कप आडवा ठेवून चेंडू आत घालायचा. पाच गेले कपात, एक फ्रिजखाली, एक ह्यांच्या घोट्यावर. हे म्हणाले, अंगण कितीला पडलं सांगितलं नाहीस अजून. सूनबाई म्हणाल्या, आई, कप माझ्या सेटमधला होता. होता म्हणाल्या, कारण तो आता नाही.

दुसरी झाली. तिसरीत बसले.

१८ तारीख, शनिवार.

तिसरी अवघड आहे. शाळेतपण तिसरीतच मला भागाकार आला नव्हता. चेंडू उजवीकडे जातो. मी डावीकडे तोंड करून उभी राहिले तर डावीकडे गेला. अडेलतट्टू. भिंगरी म्हणाली, आजी, तू रोज वेगळं मारतेस, चेंडू काय करेल. पोर लहान आहे. तिला अजून चेंडूतलं कळत नाही.

पण आज माझ्याबरोबर पाऊणतास होती. येताना सबंध रस्ताभर बोलत होती, कोच कसा खेकसतो, कुठली मैत्रीण रुसलीय, सगळं. मोज्यांचं एकदाही नाही.

२३ तारीख, गुरुवार.

तिसरी पूर्ण. एक तळं, एक झाडी, एक क्लबाच्या ऑफिसचं छप्पर. उद्यापासून चौथी.

२४ तारीख.

चौथीचा एक चेंडू तळ्याला दिला. मुद्दाम नाही, पण गेला तो ऐटीत गेला. उरले दोन. ते आता रविवारीच काढायचे. पुसून, हातरुमालात बांधून कपाटात ठेवलेत, साड्यांच्या घडीत.

२६ तारीख, रविवार. सकाळी लवकर.

झोप छान झाली. मी जिंकल्यावर विहीणबाईंना काय म्हणायचं ते ठरवून ठेवलंय. म्हणणार, तुम्ही होतात म्हणून मजा आली. एवढंच. जास्त मीठ चोळायचं नाही.

२६ तारीख. दुपार.

सविस्तर लिहिते, म्हणजे नंतर कुणी उलटं सांगायला नको.

सुरू करताना रीत असते, आपण कुठला चेंडू खेळतोय ते सांगायचं. मी छाती पुढे काढून सांगितलं, चार. विहीणबाई म्हणाल्या, अय्या, माझापण चार. आणि दाखवला. तोच छाप, तोच चार. तीन आठवड्यांपूर्वी ही बाई पहिलीत होती. मधल्या इयत्ता कुठे गेल्या? मी विचारलं, कुठून आणला? तर म्हणाल्या, बादलीतला हो. मी नेहमी बादलीतलेच घेते, आपण काय कुठे उडवतो.

भिंगरी म्हणाली, आजी, तू तीन घे, नाहीतर गोंधळ होईल. विहीणबाईपण म्हणाल्या, थांबा, मीच बदलते. मी म्हटलं, अजिबात नाही. तुम्ही चौथीत बसलात ना, बसा. मी खाली उतरणार नाही. मग पोर म्हणाली, निदान पेनाने खूण तरी कर, त्या आजीने हिरवा ठिपका केलाय बघ. मी म्हटलं, आईला लेकरू ओळखायला ठिपका लागतो का?

हे बाकावर बसले होते. म्हणाले, ओळखलं तर बरं. आमच्या थोरल्याला तू शाळेतून एकदा दुसऱ्याच्याच मुलाचा हात धरून आणलं होतंस. काय एकेक लक्षात ठेवतात.

पहिला होल विहीणबाईंचा. माझ्याकडचं गवत ओलं होतं. दुसरा माझा. हो, माझा. त्या वाळूच्या खड्ड्यात अडकल्या, तीनदा वाळू उडवली, व्याह्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि मी जमिनीवरून लोटत लोटत, लोटत लोटत, आत. भिंगरीने उडी मारली. माझ्यासाठी मारली. ती उडी मला जन्मभर पुरेल.

बरोबरी. तिसऱ्यावर सगळं.

दोघींचे चेंडू त्या मोठ्या झुडपाकडे गेले. चालण्यात मला कोण धरतंय. मी आधी पोचले. गवतात पांढरा चार, माझ्याकडेच बघत होता. मी खांदा सैल सोडला, आपोआप सुटला, आणि मारला. काय सांगू. तो वर गेला, वरच राहिला, मग उतरला जसा पाहुणा जिना उतरतो, सावकाश, आणि गडगडत त्या झेंड्याच्या काठीपाशी जाऊन उभा राहिला. असं मी आयुष्यात कधी काही मारलं नाही. ह्यांनी बाकावरून उठून टाळी वाजवली. त्यांना मी टाळी वाजवताना कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

भिंगरी मात्र तोंड उघडं टाकून उभी. मला वाटलं कौतुकानं.

मग झुडपाच्या पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, अहो विहीणबाई, हा नवाकोरा चकचकीत तुमचाच ना?

भिंगरी धावत झेंड्यापाशी गेली. तिथला चेंडू उचलून फिरवून बघितला. हिरवा ठिपका. दुसऱ्याचा चेंडू मारला की तो होल गेला, असा नियम आहे. मी म्हटलं, पण मारला कसा ते बघा ना. नियमात ते नाही म्हणे.

विहीणबाई म्हणाल्या, पुन्हा खेळू, हा धरायचा नाही. मी म्हटलं, नाही. हेडमास्तरणीने पेपर परत लिहायला दिला असं कुणी म्हणायला नको.

२७ तारीख, सोमवार.

काल रात्री भिंगरी झोपायला माझ्याकडे आली. मी सहज विचारलं, गं, चौथीनंतर पाचवीचा चेंडू मिळतो का कुठे? ती म्हणाली, कसली पाचवी? मग सांगावं लागलं सगळं, इयत्ता, डबा, तीन तीन चेंडू, नापास व्हायची सोय.

ती हसली नाही. हसू आलं होतं, ओठ आत दाबून धरले होते, मला अंधारात पण दिसलं. म्हणाली, आजी, लाँड्रीवाला कपड्यांवर नंबर टाकतो ना, तसा तो असतो. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून. दोघांनी वेगवेगळे घ्यायचे. बस.

बस म्हणे.

म्हणजे विहीणबाई पहिलीत नव्हत्या. आणि मीपण चौथीत नव्हते.

मग पोर म्हणाली, पण तू ज्याला मारलंस ना, तो आजपर्यंतचा तुझा सगळ्यांत भारी शॉट होता. बादलीतला जुना चेंडू. आणि काउंटरवाला काका म्हणत होता, बादलीतले हल्लीचे लाल डब्यावाले बहुतेक आजींचेच आहेत.

मग झोपाळू आवाजात काठ्यांचं बोलत राहिली. मला अर्धं कळलं. मध्येच झोपली, पाय माझ्या पोटावर टाकून.

सकाळी क्लबात गेले. काउंटरवाल्याला म्हटलं, दे रे तुझी बादली इकडे. मऊ, दोन थरांचा, हरवला तरी वाईट वाटणार नाही असा शोधून दे. त्याची मिशी तेवढी हलली. सूनबाईंच्या लाल नेलपॉलिशने ठिपका केला. मोठा केला.

हे म्हणाले, काय, सरळ झालं का अंगण? मी म्हटलं, अंगण आपल्या जागी आहे, पाय तेवढे शिकवायचेत.

पाहुणे रात्री मुक्कामाला होते, आत्ता गेले. बॅग सगळ्यांत शेवटी बाहेर पडली. जोडीच्या सामन्याला भिंगरीबरोबर विहीणबाईच खेळणार. दारात म्हणाल्या, विहीणबाई, झुडपातले चेंडू शोधायला तुम्ही बरोबर पाहिजेत हो, तुमच्यासारखं चालतं कोण. मी म्हटलं, येईन की. हिरवे ठिपके तुमचे, लाल माझे, उगाच घोटाळा नको.

शनिवारी येतो म्हणाल्या, एक तारखेला, सकाळी.