हळदीचे हात आणि तुमचा रंधा

बाबा,

तुमचा रंधा घरी आला. आत्ता माझ्यासमोर बाकावर आहे, कुशीवर आडवा झोपवलेला, तुम्ही ठेवायचात तसा. पटाश्या भिंतीवर आपापल्या खिळ्याला लागल्यात, बारीक दातांची करवतही आली. काल अख्ख्या गल्लीदेखत आलं सगळं, वाजतगाजत म्हटलं तरी चालेल. तुम्ही असतात तर तंबाखू मळत दारात उभे राहिला असता आणि मिशीतल्या मिशीत हसला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण काल मला तुमची फार आठवण आली. रडू आलं म्हणून नाही. जिंकल्यावर सांगायला माणूस लागतं म्हणून.

परसातली पत्र्याची खोली अजून आहे तशीच आहे. पेरूच्या झाडाखाली, उन्हाळ्यात भट्टी अन् पावसाळ्यात ताशा. दिवसभर मार्केट यार्डात हळदीची पोती उचलून तुम्ही यायचात, चहा घ्यायचात आणि त्या खोलीत शिरायचात. लोक म्हणायचे, "हमाली करून राहिला अन् शौक सुतारकीचा! बाप सुतार व्हता का आजा?" विहारातलं पुस्तकांचं कपाट तुम्ही केलंत तेव्हा तेच लोक त्याच्यावरून हात फिरवून गेले. आणि गल्लीत कुणाकडंही लेकरू उभं राहायला लागलं की तुमचा पांगुळगाडा त्या घरी पोचायचा. विकला एकही नाहीत. मी नर्स झाले, आपल्याच कुरुंद्यात उपकेंद्रावर आले, तरी तो रिवाज सोडला नाही. लेकराला सुई टोचणारी मीच, अन् चालायला गाडा देणारीही मीच. त्यामुळं पोरं माझ्याकडं बघून आधी रडतात, मग हसतात.

रंधा कसा ठेवायचा ते तुम्ही मला एका रट्ट्यात शिकवलंत. मी परकर खोचून फळी तासतेय. आई हाक मारते, म्हणून मी रंधा तसाच पात्यावर उभा टाकून पळते, तोही दगडावर. परत येते तर तुम्ही दारात. पाठीत धपाटा बसतो. "हत्यार दमलं की त्याला झोपवायचं. उभं टाकलं तर धार जाती. माणसाला बी तू असंच टाकशील का?" मी फुरंगटून जेवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी तुम्ही नांदेडहून माझ्या हाताच्या मापाची पटाशी आणलीत, कागदात गुंडाळून, आणि न बोलता माझ्या दप्तरावर ठेवलीत. माफी मागायची तुमची तीच तऱ्हा होती.

तर ह्याच पटाश्यांवर एकाची नजर पडली. गावात त्याला सगळे शेठ म्हणतात. घरची हळद आहे, बागायत आहे, शिवाय जुन्या वस्तूंचा धंदा. खेड्यापाड्यांतली पितळी भांडी, जुनी हत्यारं, दारं गोळा करतो आणि मोठ्या शहरातल्या हॉटेलांना भिंतीवर शोभेला लावायला विकतो. वर व्यसनमुक्तीवर भाषणं ठोकतो. सुपारीच्या खांडालाही शिवत नाही असं स्वतःच सांगत फिरतो. तो आला आणि म्हणाला, "सिस्टर, हे जुनं लोखंड काहून सांभाळून राहिल्या? मला देऊन टाका, हॉटेलात टांगलं की राजावाणी दिसंल." मी म्हटलं, "शेठ, माझ्या बापाचं हत्यार टांगायला न्हाई, चालवायला हाय." तो हसला आणि गेला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी ड्युटीवरून आले तर खोलीचं कुलूप तुटलेलं. पटाश्या आणि करवत गायब. चोराला हत्याराची पारख होती, कारण लाकूड तासायची गंजकी वाकस त्यानं तिथंच ठेवली होती. माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! दुसरं जाड कुलूप आणलं. आणि अक्कल पाजळली ती वेगळीच. चोराच्या हाताला रंग लागला की चोर सापडतो, असं कुठंतरी पाहिलं होतं. घरात रंग कुठला असणार? हळदीचं पाणी घट्ट कालवलं आणि कडीला, कुलपाला लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे हात बघत गल्लीभर फिरले. बाबा, हळद शिजायचे दिवस! हळदीचे मोठाले कुकर पेटलेले, अंगणाअंगणात हळद वाळत घातलेली. गावात ज्याचा हात पिवळा नाही असा एक माणूस दाखवा. माझा स्वतःचा पिवळा होता. शेजारची मावशी पोट धरून हसली. "अगं बया, हळदीच्या गावात हळद लावून चोर धरून राहिली व्हय? तुझ्यापरीस चोर शहाणा!" ही गोष्ट तिनं पाणवठ्यापासून पारापर्यंत सगळीकडं सांगितली. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

आणि त्याच आठवड्यात रंधा गेला. ह्या खेपेला कुलूप जागेवर होतं, चोरानं कोयंड्याचे स्क्रूच काढले होते. मी त्या रिकाम्या बाकाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. तुमचा हात लागून लागून त्या रंध्याच्या मुठीला खळगा पडलाय. तो खळगा म्हणजेच माझ्यासाठी तुम्ही होतात, दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्यातच शेठनं पारावर आवाज चढवला. साखरा गावाकडची मजुरांची एक टोळी हळद शिजवायला आली होती, आपल्या परसामागच्या मोकळ्या जागेत पाल ठोकून राहिलेली. "बाहेरचे लोक आले की चोऱ्या होतात. सिस्टरच्या घरामागंच हायेत, अजून काय पुरावा पायजे? उद्याच्या उद्या हाकलून लावू." चार माना डोलल्या. त्या टोळीतली मुकादमीण माझ्याकडं आली, कडेवर लेक. पोरगी नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. "ताई, तुमी तरी खरं बोला. आमी असं काम करत न्हाई. इथून चोर म्हणून निघालो तर फुडच्या गावात कोण उभं करंल आमाला?" मी म्हटलं, बाई, मला दोन दिवस दे. पारावर जाऊनही तेच मागून आले. मागितले खरे, पण त्या दोन दिवसांत करायचं काय, ते मला माहीत नव्हतं.

मग तुम्ही आठवलात. स्वयंपाकघर आहे, आई भाकरी थापतेय. हळद वेचून माझे हात पिवळेधमक झालेत. तुमचा डावा तळवा मात्र कुंकवासारखा लाल. मी विचारते, बाबा, लागलं का? तुम्ही चुन्याची डबी उघडता, बोटावर चुना घेता आणि माझ्या पिवळ्या तळव्यावर गाडा काढता, दोन चाकं आणि दांडी. बघता बघता गाडा लाल होतो. मी किंचाळते. आई म्हणते, "त्यात काय एवढं? हळदीचा कपडा साबणानं धू, असाच लाल व्हतो. गड्यांनी कधी धुतला तर कळंल त्यांना."

मी ताडकन उठले. उरलेली हत्यारं घरात पेटीत घातली. दुसऱ्या दिवशी ड्युटीला निघण्याआधी खोलीच्या दाराला पांढऱ्या रंगाचा हात मारला, म्हणजे संशय नको, आणि कडीच्या आतल्या अंगाला खायचा चुना ओला ओला थापला. टोळी दिवसभर कुकरवर असते, गल्ली शेतात असते, तेव्हा उरलेलं न्यायला चोर येणार तो दिवसाढवळ्याच. चैत्राच्या उन्हात हात घामेजलेला असणार. ह्या वेळी कुणाचे हात बघत फिरायचं नाही असं ठरवलं. पण फिरायची वेळच आली नाही, बाबा. चोर माझ्याच दारात आला!

उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस. ओट्यावर लेकरं घेऊन बायका बसलेल्या, मावशी नातवाला घेऊन, मुकादमीणही पोरीला घेऊन आलेली. शेठ घाईघाईनं आत शिरला, उजवा हात रुमालात लपेटलेला. "सिस्टर, जरा बघा. ॲलर्जी झाली जणू. साबणानं धुतलं तर अजूनच भडकलं. कायतरी मलम द्या." मी रुमाल सोडवला. चारी बोटांवर आतल्या बाजूनं लाल पट्टा, बरोबर कडीच्या रुंदीचा. हसू दाबून चेहरा मी नर्सचाच ठेवला. जेवणाच्या डब्यातली लिंबाची फोड काढली. "शेठ, हे लावलं की बरं वाटंल." पिळली. लाल पट्टा सगळ्यांदेखत पिवळा झाला.

"ही ॲलर्जी न्हाई शेठ, हळदीच्या हाताला लागलेला चुना हाय. कुठं हात घातला व्हता?"

"ते... तंबाखूचा लागला आसंल कुणाचा तरी."

"तंबाखूचा डाव्या तळव्याला लागतो. अन् तुमी तर खात न्हाई. माझ्या बापाच्या खोलीची कडी मात्र अशीच धरावी लागती."

मग मावशी कडाडली, "आयुष्यात एकदा सोताचा सदरा धुतला असता तर कळलं असतं रे मुडद्या तुला!" आणि बायका अशा हसल्या की लेकरं रडायची थांबली.

तशाच सगळ्या त्याच्या घरी गेलो, तर माडीवर सगळं सापडलं. रंधा फरशीवर पात्यावर उभा टाकलेला होता. बाबा, चोरीचा नाही आला एवढा राग मला त्याचा आला. तो हातापाया पडायला लागला, पोलिसात जाऊ नका म्हणाला. मी म्हटलं, "जात न्हाई. पण हे सगळं तुमीच डोक्यावर घेऊन माझ्या घरी पोचवायचं, उन्हात, पालावरून जायचं, अन् मुकादमिणीला हात जोडायचे." त्यानं जोडले. तिनं एवढंच म्हटलं, "आमचे हात बघून घ्या शेठ, पिवळेच हायेत." काल रात्री मी पोटभर जेवले, किती दिवसांनी.

आज सकाळी बसून तिच्या पोरीचा पांगुळगाडा पुरा केला. टोळी उद्या पुढच्या गावी निघणार, ताठ मानेनं. दुपारी पोरीला गाड्याला उभं केलं. ती आधी माझ्याकडं बघून रडली, मग दांडी धरली आणि निघाली. तिची आई टाळ्या वाजवतेय, मावशी ओरडतेय, "सरळ चल गं, सरळ!" पण पोरगी सरळ जाईना, गोल फिरून पुन्हा माझ्यापाशीच यायला लागली.

कारण डावं चाक वाकडं बसलंय, बाबा. घाई केली मी. तुम्ही असतात तर उपटून पुन्हा बसवायला लावलं असतंत, वर धपाटा घातला असतात. पोरगी गाडा सोडायला तयार नव्हती, म्हणून तसाच दिला. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय असती, तरी ह्या वाकड्या चाकापायी मी ते पाठवलं नसतं.