दोन पिवळे डगले, अगदी सारखे

३ जून, सोमवार
माझा गुलाबी तागा गेला कुठे? आधी त्याचं बोला, बाकीचं मग. कपाटात खालच्या फळीवर होता. आज फळी रिकामी. निळा होता, तोही गेला. सुनेनं दोन्ही तागे खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला देऊन टाकले. न विचारता. म्हणाली, आई, गुलाबी मुलीचा आणि निळा मुलाचा, हे आता आपल्या घरात नको. मी म्हटलं, मग काय दोघांना गोणपाटात गुंडाळायचं? चिरंजीव हसला. बायकोनं बघितलं, तसा हसायचा थांबला.
असो. वही, नमस्कार. चौथी शिकलेल्या बाईच्या हाती लागलीस, सांभाळून घे.

४ जून, मंगळवार
नवा कायदा कळला. जुळ्या नातवंडांना, म्हणजे नातू ढब्बू आणि नात मुंगीला, चार वर्षं पूर्ण झाली. आता दोघांना एकाच मापानं वाढवायचं. मुलगा म्हणून हे, मुलगी म्हणून ते, असं चालणार नाही. बालवाडीच्या बाईंचंही तेच. तिथे म्हणे मुलामुलींची रांगसुद्धा वेगळी नाही. दुपारी बालवाडी सुटली की पोरं माझ्याकडे असतात. सून म्हणाली, जून महिना बघू. तुम्हाला जमलं तर असंच चालू ठेवू. नाही जमलं तर जुलैपासून पोरं संध्याकाळपर्यंत तिथेच राहतील.
मला काय, सुटका. दुपारी पाठ तरी टेकेन.
पण जमणार नाही म्हणजे काय? एक मुलगा, एक मुलगी वाढवली मी. भेद कसला तो केला नाही. मुलीला विचारा हवं तर. नको, तिला नको. तिला खुसपटं काढायची सवय आहे.
संकल्प: सगळं सारखं.

५ जून, बुधवार
पहिला दिवस फर्स्ट क्लास. दोघांना सारखं दूध, सारखे पेले. साय तेवढी ढब्बूला, मुंगीला आवडत नाही. तिला कधी दिलेली नाही, पण मला कळतं. पिऊन झाल्यावर ढब्बूनं पेला जमिनीवर टाकला, मुंगीनं उचलून मोरीत ठेवला. मी अवाक्षर बोलले नाही. नुसतं तिच्याकडे बघितलं.
संध्याकाळी सुनेनं विचारलं, मुंगी त्याला दादा का म्हणते? दहा मिनिटांनी थोरली ती आहे. मी म्हटलं, म्हटलं तर तोंड झिजतं का?

८ जून, शनिवार
बालवाडीत रंगकामाला डगले हवेत. सून बाजारातून आणायला निघाली होती. मी आडवी आले. घरात मशीन आहे आणि चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेली बाई आहे. कापड पिवळं आणायला लावलं. ना याचं, ना तिचं. सून चक्क खूश झाली. म्हणाली, आई, तुम्ही एवढा विचार केलात! आता जून खिशात.

९ जून, रविवार
डगले तयार. एका बैठकीत बेतले, एका बैठकीत शिवले. कापड एक, माप एक, बटणं एक, टीप एक. ढब्बूच्या डगल्याला खिसा लावला, मुलगा म्हटला की हात कुठेतरी कोंबावे लागतातच. मुंगीच्याला नाही लावला, कापड वाया कशाला घालवा. बाकी सुईच्या टोकाएवढा फरक कुणी दाखवावा.
चिरंजीव म्हणाला, वा, आई. आणि चहाचा कप टेबलावर ठेवून गेला. मुंगीनं उचलला.

१२ जून, बुधवार
दोघं डगला अंगातून काढायला तयार नाहीत. घरीसुद्धा तोच.
मुंगीला वाटेतलं काहीबाही उचलायचं वेड आहे. बाटलीचं बूच, गोगलगायीचा शंख, कसली तरी बी. उचलते आणि ढब्बूकडे देते, दादा ठेव. तो खिशात ठेवतो. मागितलं की परत देतो. कधी कधी देतो. काय हा एकोपा! बालवाडीच्या बाईंनी येऊन बघावं आणि शिकावं.

१४ जून, शुक्रवार
ढब्बूचा खिसा त्याच्याच खड्यांनी भरला. मुंगीचं काही घेत नाही. ती रडली नाही. समजूतदार आहे. मुलींना उपजतच असते समज.
मशीनखाली पडलेलं माझं लाल बटण तिला सापडलं. ठेव म्हटलं, खेळ त्याच्याशी. दिलदार स्वभाव माझा.

१७ जून, सोमवार
बालवाडीच्या बाईंनी सुनेला थांबवून घेतलं. म्हणे मुंगीचा उजवा हात चालत नाही. मूठ मिटलेली ती मिटलेलीच. खडू धरत नाही, टाळी वाजवत नाही, घसरगुंडीवर चढत नाही. नुसती कोपऱ्यात उभी. बाकी पोरं रंग खेळतात, ही बघते. सूनबाईंचा चेहरा उतरलेला.
मी म्हटलं, नाजूक असतात मुली, होईल सगळं. सून म्हणाली, आई, प्लीज.

१८ जून, मंगळवार
मुंगीच्या मनगटाला तेल चोळलं. कोमट करून. मूठ उघडेना. जोर लावला तर चावली. नस आखडली असणार. ढब्बूच्या हातालाही तेल लावलं, नाहीतर म्हणतील भेद केला.

२० जून, गुरुवार
डॉक्टर. सून आणि मी, मध्ये मुंगी. डॉक्टरीणबाई वयानं लहान, केस कापलेले. तिनं हात ओढला नाही, की दाबला नाही. मुंगीला विचारलं, मला दाखवतेस? परत देईन. मूठ उघडली. आत लाल बटण. तळव्यावर त्याचा गोल वळ उठलेला.
डॉक्टरीण म्हणाली, छान आहे गं, पण दिवसभर हातातच का? मुंगी म्हणाली, दादाचा खिसा भरला.
मग ती बया मुंगीचा डगला उलटसुलट करून बघायला लागली. हा कुणी शिवला, विचारलं. मी म्हटलं, मी. टीप बघा कशी सरळ आहे. टीप बघितलीच नाही तिनं.
हाताला काही झालेलं नाही. येताना सून सगळी वाट गप्प. ती बोलली की मला अर्धं ऐकू येतं, गप्प बसली की सगळं ऐकू येतं.

२१ जून, शुक्रवार
मी काय मुद्दाम केलं? कापड कमी होतं. नव्हतं कमी, पण कमी पडलं असतं तर? शिवाय हात आपोआप चालतो. शर्ट आला की खिसा, फ्रॉक आला की नाही. चाळीस वर्षांत एक गिऱ्हाईक बोललं नाही.
चिरंजीवाला म्हटलं, समजाव तुझ्या बायकोला. तो म्हणाला, आई, दोघींच्या मध्ये मला घालू नकोस. त्याला अगदी पहिल्यापासून मध्ये पडायला आवडत नाही. साधा आहे.

२२ जून, शनिवार
मुलीचा फोन. तिला वहिनीनं सांगितलं असणार. खिशाचं ऐकून हसत सुटली. म्हणाली, आई, शाळेत रुमाल मी बाहीत खोचून न्यायचे, आठवतं? मी म्हटलं, दिसायचा छान. मग ती हसायची थांबली. फोन कट झाला, लाईन खराब.

२३ जून, रविवार
मुंगीच्या डगल्याला खिसे लावले. एक नाही, दोन. ढब्बूच्यापेक्षा खोल. झाकण, झाकणाला बटण. असं काम दुकानात मिळणार नाही. सुनेला दाखवलं. हो, छान, म्हणाली. म्हणजे मिटलं. जुलैचं टेन्शन नाही.

२७ जून, गुरुवार
आज सायसुद्धा मुंगीला दिली. तिनं वाटी उचलली आणि ढब्बूपुढे ठेवली. मी म्हटलं, अगं तुझी आहे. ती म्हणाली, दादाची. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडले. तेव्हा खाल्ली, रडत, आणि सगळी खाल्ली. म्हणजे आवडते. ढब्बू भोकाड पसरून बसला. तेवढ्यात सून दारात.

३० जून, रविवार
ठरलं. उद्यापासून पोरं संध्याकाळपर्यंत बालवाडीत. सून माझ्याशेजारी येऊन बसली, हात हातात घेतला. म्हणाली, आई, राग नाही. तुम्ही प्रयत्न केलात. मी म्हटलं, कसला राग, मीच सांगणार होते, माझी कंबर धरते. चिरंजीव टीव्ही बघत होता.

१ जुलै, सोमवार
सकाळी मी स्वतः मुंगीला डगला घातला. लाल बटण तिच्या खिशात टाकलं, झाकण लावलं, वर थोपटलं. म्हटलं, हा तुझा. कुणाला विचारायचं नाही.
तिनं झाकण उघडलं. बटण काढलं. ढब्बू बूट चढवत होता, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. स्वतःच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाली, दादा, इथे ठेवू?
त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. नको, म्हणाला.
मूठ मिटून गेली ती. दोन्ही खिसे रिकामे.
सून बघत होती.
दुपारी पाठ टेकली. झोप आली नाही. उशी वाईट आहे. मशीनवर कापड टाकून ठेवलं.
आता संध्याकाळी विचारतील, पोरीला हे कुणी शिकवलं. मला विचारायचं नाही. मी झोपलेली असेन. उत्तर तिच्या बापानं द्यायचं. त्याच्या एकेका चड्डीला दोन-दोन खिसे लावलेत मी. त्यात हात घालून शोधावं.