काळ्या कुकरीची मूठ

१२ जानेवारी १९५४
माझ्या नाक्याच्या जंगलातल्या पट्ट्यावरची घाणेरी तोडायला घेतली. वणव्याच्या दिवसांआधी पट्टा साफ हवा. जोडीदार सुखदेव माझ्यापासून वीस हात लांब उभा राहून तोडतो. "जवळ ये ना गा," म्हटलं. "नाकेदार, तुमच्या हातात कोयता हाय तोवर नाई." खरंच आहे त्याचं. गेल्या साली माझ्याच कोयत्याचं पातं मुठीतून सुटून त्याच्या पोटरीत घुसलं. अजून लंगडतो. कोयता कायमचा आढ्याला खोचला. पुरे.

१७ जाने.
नवं हत्यार बघायला हिंगणघाटला गेलो. जिनिंगवरचा चौकीदार थापा, फौजेतून सुटलेला. दोन कुकऱ्या काढल्या. एक चकचकीत, लाकडी मुठीला पितळी सिंहमुख. दुसरी काळी, जाड, कुरूप. "काम देखो साब, मुँह मत देखो." मी अर्थातच चकचकीत उचलली. हसला बेटा. "आठ दिन चलाओ, फिर बोलो."

२१ जाने.
वाकडं पातं काय चालतं, वा! पण दुपारून मूठ डुगडुगायला लागली. कुऱ्हाडीच्या दांड्याचं करतो तेच केलं, बादलीत बुडवली. लाकूड फुगलं की बसेल घट्ट.

२२ जाने.
मूठ उभी तडकली. पातं हातात, मूठ बादलीत. सुखदेवनं आज विसाचे तीस हात केले.

२४ जाने.
थापापुढे मान खाली घालून उभा. "पानी में? ये कुल्हाड़ी है क्या!" तडकलेल्या मुठीत लोखंड बोटभरच होतं, लाखेनं चिकटवलेलं. काळी दाखवली. लोखंड मुठीच्या टोकापर्यंत, तीन खिळे आरपार. हे आधीच बघायला काय झालं होतं मला! पोटरीचं सगळं सांगून टाकलं. "ले जाओ." तो गावी निघालाय. होळीनंतर आला की बघू.

२९ जाने.
काळीची मूठ तसूभर हलत नाही. सुखदेवनं मागून घेतली, पिळून पाहिली, दगडावर ठोकली. परत दिली.

२ फेब्रु.
मान वर केली तर सुखदेव चार हात अंतरावर, माझ्याकडे पाठ करून तोडतोय! "काऊन थांबले? हाना ना!" सुटलो बुवा एकदाचा. डोळे भरून आले, घाम पुसल्यासारखं केलं.

२४ मार्च
पट्टा संपला. होळी झाली, थापा अजून नाही. कुकरी तेल लावून ठेवलीय. परत मागितली तर? सुखदेवला विचारलं.
"त्याची हाय, देऊन टाका. पन मले आधी सांगजा. वीस हात मोजून ठेवतो."