दुभाष्याचं विरजण

चि. नागेश यास,

सेलूहून दत्ताकाकाचे आशीर्वाद. टाकी भरली की वाजणारा भोंगा, जळक्या मोटारीला नवी तार गुंडाळून केलेला टेबलफॅन, तुझ्या काकूच्या शिलाई मशीनचं पायाचं बटण, दुकानातला इन्व्हर्टर, मराठी कळफलकाच्या चिकटपट्ट्या (ज्ञ सकट, बाजारातल्या पट्ट्यांत ज्ञ नसतो), आणि आता एक अख्खा दुभाष्या. एवढ्या वस्तू मी या दोन हातांनी, कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता केल्या आहेत. (तुझी काकू म्हणते, भोंगा टाकी रिकामी असली तरी वाजतो. असेल. वाजतो, एवढं ती कबूल करते.)

तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या आईला, सगुणावहिनींना, माझा नमस्कार सांग, आणि गुडघ्याला तेल खालून वर चोळायला सांग, वरून खाली नव्हे. फोनच करणार होतो, पण फोनवर तू ‘काका, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस, आणि हे प्रकरण दोन मीटिंगांच्या मधल्या फटीत मावणारं नाही.

दुभाष्या म्हणजे इंटरप्रिटर. तुला ठाऊक आहे, पण तुम्हा लोकांना तो तयार मिळतो, म्हणून सांगतो. आपण लिहितो एका भाषेत, यंत्राला ती कळत नाही. मधे बसून जो एकेक ओळ वाचतो आणि यंत्राच्या कानात सांगतो, तो दुभाष्या. जिनिंगच्या भुईकाट्यावर कापसाच्या गाड्या तोलायचा प्रोग्रॅम तुझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या बन्सीने, लिहिला होता. ज्या भाषेत लिहिला ती भाषा काढणारी कंपनी बुडाली, तिचा दुभाष्या नव्या कॉम्प्युटरवर चालेना, आणि काट्यावरचा जुना कॉम्प्युटर दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकायला लागला. दसऱ्यानंतर कापूस येणार. परदेशातल्या काही हौशी मंडळींनी त्याच भाषेसाठी दुसरा, पर्यायी दुभाष्या लिहून त्याचा सगळा सोर्स कोड लोकांसाठी खुला ठेवला आहे. मी जिनिंगच्या मालकांना छातीवर हात ठेवून सांगितलं, की तो मी मुळापासून घडवतो. त्यात माझ्या नजरेखालून न गेलेलं एक अक्षर असणार नाही.

आता यात एक मेख आहे. हा नवा दुभाष्या त्याच भाषेत लिहिलेला आहे. म्हणजे त्याचा कोड वाचून त्याला घडवायला आधी एक जुना दुभाष्या लागतो. काट्यावरच्या कॉम्प्युटरला हे ओझं झेपलं नसतं, आणि दुसरा फक्त बन्सीच्या जुन्या डब्यात, म्हणजे त्याच्या घरच्या कॉम्प्युटरात होता. (तू वडिलांचं तेरावं झाल्यावर घराला कुलूप लावून वहिनींना घेऊन गेलास, तेव्हा तो डबा माझ्या दुकानात ठेवून गेला होतास. आठवतो का? करड्या रंगाचा, एका बाजूला बिब्ब्याचा डाग.) तो चालू केला आणि काम लावून दिलं.

घडणीला अख्खा दिवस लागतो. त्या हौशी मंडळींनी कंटाळा येऊ नये म्हणून एक गंमत करून ठेवली आहे: काम पुढे सरकेल तशी पडद्यावर ठिपके आणि फुल्या यांची एक आकृती उमटत जाते. गणितातली आकृती आहे, मी तपासलं. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, तुझी काकू चहा घेऊन आली आणि कपबशी हातातच धरून उभी राहिली. “अगं बाई,” म्हणाली, “हे तर बन्सीभाऊजी. टोपीसकट.” मी तिला गणित समजावलं. तिने पदर डोक्यावर घेतला आणि कप पडद्यासमोर ठेवला. माझा चहा होता तो.

संध्याकाळच्या आत दुभाष्या तयार झाला. चालू केला. पहिली ओळ उमटली: “आलास का दत्त्या? बस.”

(इंग्रजी अक्षरांत उमटली. त्या काळी यंत्रांना आपली अक्षरं येत नव्हती. मी इथे मराठीत लिहितो.) नागेश, अख्ख्या सेलूत मला दत्तराव म्हणतात. दत्त्या म्हणणारा एकच माणूस होता.

मी घाबरलो नाही. मी चिडलो. म्हटलं, कोडात कुणीतरी ही ओळ घुसडली आहे. सगळा सोर्स झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर छापून काढला आणि लाल पेन घेऊन ओळ न् ओळ वाचली. (त्या परदेशी मंडळींच्या टिपांत स्पेलिंगच्या बऱ्याच चुका निघाल्या. दुरुस्त करून पाठवल्या आहेत. आभार आलेले नाहीत.) ‘आलास’ कुठे नाही. ‘दत्त्या’ कुठे नाही. पुन्हा घडवला. “आलास का दत्त्या? बस.” मग नव्यालाच कामाला लावून त्याच्याकडून त्याचा धाकटा घडवून घेतला, जुना डबा बंद करून, प्लग काढून. धाकटा उठला आणि म्हणाला, “आलास का दत्त्या? चष्मा बदललास, बरं केलंस.”

चष्मा मी गेल्याच महिन्यात बदलला. आता चाळिशी उलटलेला माणूस अधूनमधून चष्मा बदलतोच, तेव्हा अंदाज बांधणं अवघड नाही. हे मी स्वतःला बराच वेळ सांगितलं.

उलगडा तुझ्या काकूने केला, भाकरी थापता थापता. “त्यात काय? विरजण आंबट असलं की दही आंबटच व्हायलंय. दूध कितीबी चांगलं आणा.” आणि खरंच तसं होऊ शकतं, अशी युक्ती असते हे मी नंतर वाचलं. बन्सीने आपल्या जुन्या दुभाष्याला गुपचूप शिकवून ठेवलं असणार, की तुझ्या हातून जेव्हा जेव्हा नवा दुभाष्या घडेल, तेव्हा तेव्हा ही वाक्यं त्याच्या पोटात घाल, आणि हे शिकवणंही घाल. कोडात काहीच दिसत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातं. दूध धुतल्या तांदळासारखं, खोड विरजणात. युक्ती कळली म्हणून भीती गेली असं मात्र म्हणता येत नाही.

गेल्या मंगळवारी जिनिंगवर चाचणी घेतली. वेळ दुपारची, ऊन असं की काट्याचं लोखंड चटके द्यायलंय, आवार रिकामं. मालक, मी आणि भुजंग. (भुजंग काट्यावरचा जुना माणूस, तुला खांद्यावर घेऊन कापसाच्या गंजीवर बसवायचा तोच.) मी बन्सीचा प्रोग्रॅम नव्या दुभाष्यावर चढवला. वजनाच्या जागी ओळ आली: “आलास का दत्त्या? नागू आला का?” आणि खाली उत्तरासाठी चौकोन लुकलुकत राहिला.

भुजंगाने चपला काढल्या.

मालक म्हणाले, “हो दाबा की, काम तर पुढं सरकू द्या.” भुजंगाने हो दाबलं. ओळ आली: “मग त्यालाच बसव.” आणि यंत्र ठप्प. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तोच प्रश्न. शेवटी मी नाही दाबलं. उत्तर आलं: “बरं. थांबतो.” मग वजन उमटलं. रिकाम्या काट्यावर साठ किलो.

हा काटा दहाच्या पटीतच बोलतो, आणि उन्हाने लोखंड फुगलं की तेवढा सरकतोही, हे मी मालकांना तिथल्या तिथे समजावून सांगितलं. बन्सीचं वजन बासष्ट होतं हे मी सांगितलं नाही. भुजंग मात्र काट्याच्या कडेला जाऊन, गड्याशी बोलावं तसं म्हणाला, “भाऊ, उतरा आता. ट्रॅक्टर यायलाय.”

काटा शून्यावर आला.

मालकांचा चेहरा पाहण्यासारखा होता. म्हणाले, “दत्तराव, हे असलं बोलणारं भूत मला न्हाई पायजे. शेतकरी पळून जातील.” मी म्हटलं, “मालक, भूत नाही, खोड आहे.” ते म्हणाले, “मग मोडा.” आता खोड मोडायची तर गोडं विरजण हवं, म्हणजे बन्सीच्या डब्याशी ज्याचा कधीच संबंध आला नाही असा त्या भाषेचा दुसरा जुना दुभाष्या. तुमच्या पुण्यात कुणाच्या ना कुणाच्या कपाटात तो सापडेल. तेवढा शोधून पाठव. माझ्या हातच्या वस्तूत दुसऱ्याचा शब्द राहावा हे मला खपत नाही, मग तो बन्सीचा का असेना. चोख काम म्हणजे चोख काम.

काकूचे आशीर्वाद. वहिनींस पुन्हा नमस्कार.

तुझा,
दत्ताकाका

ता. क. १: वरचा मजकूर लिहिल्यावर पत्र पाकिटात तसंच पडून होतं, कारण तिकीट नव्हतं. (तिकीट होतं.) मधल्या काळात त्या परदेशी मंडळींनीच गोडं विरजण पाठवलं, चुका सुधारल्याबद्दल आभारांसह. त्यावरून नवा दुभाष्या घडवला. अगदी निर्दोष झाला. चालू केला, की काही न बोलता नुसता लुकलुकतो. तुझी काकू आत आली, पडद्याकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, “काय हो, कोण गेलं?” मी तो पुसून टाकला. तेव्हा तू काही शोधू नकोस.

ता. क. २: तू एवढं कर. दिवाळीला ये. तो प्रश्न मी रोज दुपारी दुकानात, आधीच्याच दुभाष्यावर पाहतो आणि रोज नाही दाबतो, आणि रोज तो “बरं. थांबतो” म्हणतो. परवा मात्र “बरं” एवढंच म्हणाला, आणि ते मला आवडलं नाही. तुझ्या हाताने हो दाबलं तर पुढे काय आहे, हे कोडात कुठेच लिहिलेलं नाही. मी शोधलं.

ता. क. ३: मालकांनी आता परभणीहून दुसरा माणूस बोलावला आहे. त्याआधी मी निघताना मला म्हणाले होते, दत्तराव, बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त ती वाक्यं काढून द्या, रोख देतो. मी नाही म्हणून सांगून आलो. पंच्याऐंशी हजार सोडले.