थोरली होडी, धाकटी होडी

मु. वरची वाडी, ता. आंबेगाव
२४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. वैजयंतीस,
संपतदादाचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक. पाऊस उघडला, धरण काठोकाठ भरलंय. तुझा फोन येऊन गेला असं तुझी ठकूवहिनी म्हणाली. तिला रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, आणि मला टेकाडावर जाऊनही काही ऐकू येत नाही. तेव्हा तुझं-माझं पत्रच बरं. कानाचं मशीन लावलं की नुसता वारा ऐकू येतो, म्हणून ते डब्यात घालून ठेवलंय.

काम असं, की आपली लाकडी होडी यंदा संपली. तळाची फळी अंगठ्यानं दाबली तरी आत जाते. वल्ही मारून मारून माझा उजवा खांदाही तिच्याच वाटेला लागलाय. म्हणून इंजिनची जुनी होडी घ्यायचं मनात आहे. दोन नजरेत आहेत, दोन्ही तुमच्या जुन्नर तालुक्यातल्या. एक माणिकडोहच्या रखमाजींची, धाकटी. त्यांना वयानं आता होत नाही म्हणून काढतायत. दुसरी येडगावच्या पप्पूची, थोरली, चांगली रुंद. दोन माणसं उभी राहून जाळं ओढतील एवढी. दोन्ही फायबरच्या, मागच्या फळीला इंजिन अडकवायचं.

रामनाथ पाहुण्यांना गॅरेजातनं सवड काढून दोन्ही बघायला सांग. ट्रक नीट करणाऱ्याला होडीचं इंजिन म्हणजे खेळणं. माझा कल थोरलीकडं आहे. आदेश आता किती दिवस नारायणगावला टोमॅटोचे क्रेट मोजत बसणार? घरची मोठी होडी काठाला लागली की येईल. एकानं इंजिन धरायचं, एकानं जाळं. बापलेकाचं काम.

पाहुण्यांना रामराम. माया आहेच, ती अशीच राहू दे आणि उत्तर धाड.
तुझा,
संपतदादा

आळेफाटा
२ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
वैजयंतीचा शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. यांनी दोन्ही होड्या पाहिल्या. रखमाजींची होडी उलटी करायला लावली आणि मडकं घेताना वाजवतात तशी सगळीकडून टकटक वाजवून पाहिली. अंग खणखणीत आहे म्हणाले. इंजिन जुनं आहे, दोरी दोनतीनदा ओढल्याशिवाय उठत नाही, पण प्लग बदलला की सुधारेल. पप्पूचं इंजिन एका ओढीत चालू. मात्र होडीला पोटाखाली जोड लावून वर रंग मारलाय. यांनी विचारलं तर तो म्हणाला, डिझाइन आहे. यांचं मत, जोड नीट करून घेता येईल, दोन्हींत फसगत नाही. रखमाजी धाकटी होडी चार दिवस चालवून बघायला टेंपोतून धाडायला तयार आहेत. भला माणूस. होडीबद्दल बोलताना लेक द्यायची असल्यासारखा बोलत होता, असं हे सांगत होते.

येताना आम्ही आदेशकडे गेलो. समृद्धीनं चहा केला. श्रेया आता दुसरीत आहे, आपल्या आईला इंग्रजी शिकवते. मी होडीचा विषय काढला. आदेश म्हणाला, आत्या, बाबांना काय घ्यायचं ते घेऊ दे, पण माझ्या नावावर मोठी नको. दादा, त्याचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला बरं वाटलं असतं.

तुझ्या कानांचंही मनात येतं. एकटा तू, मागं इंजिन, आणि पाण्यावर दुसऱ्याही होड्या. बघ बाबा. वहिनींना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून एवढं लिहायची हिंमत.
तुझी,
वैजू

वरची वाडी
१३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. वैजयंतीस,
आशीर्वाद. आदेश तुझ्यापाशी काय बोलला ते वाचलं. तू आत्या. तुझ्यापुढं लाडात बोलला असेल. होडी प्रत्यक्ष बघितल्यावर वेगळं बोलेल.

रखमाजींची होडी आली. चालवली. बरी आहे. एकदा थोडं पाणी आत आलं, विशेष काही नाही. पण बसल्यावर गुडघे छातीला लागतात. ही काही घराची होडी नव्हे. पप्पूला मी होकार कळवतो. आणि माझ्या कानांची काळजी तू करू नको. मासे काही ओरडत नाहीत.
संपतदादा

वरची वाडी
१४ ऑक्टोबर

वन्सं वैजयंतीबाईंस,
ठकूबाईचा नमस्कार. मला पत्र लिवायची सवय न्हाई, चूकभूल पोटात घाला. तुमच्या दादानं काल पत्र टाकलं. त्यात त्यांनी काय लिवलं ते मला वाचून दाखवलं न्हाई, म्हणून समजलं की खरं लिवलेलं नसणार. वन्संला कळवू नको म्हणत्यात. म्हणून मीच कळवते.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी ह्ये धाकटी होडी घेऊन गेले. मी काठावर जाळं झाडत व्हते. ह्यांची पाठ पलीकडं. तिकडून मच्छीमार सोसायटीची मोठी होडी आली, ती येकदम वळली. ते लोक ओरडले. मी ओरडले. शेरडं पळाली माज्या आवाजानं, पण ह्यांनी काय मान वळवली न्हाई. ती होडी ह्यांच्या होडीच्या कडंला धडकली आन् ह्ये पाण्यात. पवता येतं, पण डोक्याला मार बसला व्हता, हात हलंनात. त्या लोकांनी सदऱ्याला धरून वर घेतलं. भुवईवर टाके पडले घोडेगावला. येताना यष्टीत मला म्हणाले, तू हाक मारायची व्हती. वन्सं, ओरडून गळा बसला व्हता माजा.

राग धरू नका त्यांच्यावर. पोराला बोलवा म्हणा येकदा. तुमची माया हाय म्हणून तुमाला सांगितलं.
ठकूबाई

आळेफाटा
१९ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. वहिनींचं पत्र आलं. त्यांच्यावर चिडू नको. चिडलास तर माझ्यावर चीड, मी लांब आहे. थोडं पाणी आत आलं म्हणे! तू बाहेर गेलास ते लिहायचं राहिलं वाटतं.

मी आदेशला फोनवर सगळं सांगितलं. त्यानं टाके किती पडले ते विचारलं. मग म्हणाला, रविवारी जातो आणि दोघांना घेऊनच येतो. नारायणगावला मागची खोली रिकामी आहे. दादा, माझं ऐक. थोरली नको, धाकटी नको. रखमाजींनीही थांबवलंच ना कधीतरी? यात कमीपणा नाही. हे म्हणतात मी तुला फार बोलते. बोलते, कारण बोलायला तू हवा आहेस.
तुझी,
वैजू

वरची वाडी
२६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. वैजयंतीस,
संपतदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. टाके निघाले. भुवईत खाच राहिली, ठकू म्हणते शोभते.

रविवारी आदेश आला. समृद्धी आणि श्रेयाही होत्या. पप्पूला मी आधीच होकार दिला होता, त्यामुळं त्याच दिवशी तोही थोरली होडी दाखवायला घेऊन आला. दोन्ही होड्या काठाला शेजारी लागल्या. आदेशनं थोरलीवर हात फिरवला. मला वाटलं, झालं काम. मग तो माझ्यासमोर उभा राहिला आणि मला ओठ दिसतील असा सावकाश बोलला. म्हणाला, बाबा, मी परत येणार नाही. मला ते काम आवडतं. तिथं माझं माणसांत चालतं, इथं पाण्यात मला भीती वाटते, लहानपणापासून वाटते. वैजू, हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी त्याला होडीत बसवत होतो आणि तो हसत होता. मी त्याचं तोंड बघत होतो आणि वाटत होतं, आज ऐकू आलं नसतं तर बरं, तर आज अक्षर न् अक्षर समजलं.

नारायणगावला चला म्हणाला. तेव्हा ठकू, ती पातेली घासत होती, हात तसेच राखेचे, उठून मध्ये आली. म्हणाली, उद्यापासून होडीत मी बसणार. आदेशला हसू आलं, पण तिच्याकडं बघून गेलंही. मी म्हणालो, आपल्याकडं बायका होडीत बसत नाहीत. तर म्हणाली, जाळी मी विणायची, मासे मी निवडायचे, घोडेगावच्या बाजारात पाटी घेऊन मी बसायचं, मग मधल्या चार हात पाण्यानंच काय बाटणार हाय? पप्पू थोरलीचे गुण सांगायला लागला, ताई दोघांना ऐसपैस होईल म्हणाला. तिनं त्याला विचारलं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ही गाळातनं ओढायला किती गडी लागतात? पप्पूनं चार सांगितले. रोज चार गडी कुणाच्या दारात मागू, म्हणाली. धाकटी आम्ही दोघं ओढू.

मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, धाकटीत तिसऱ्याला जागा नाही. ती म्हणाली, माहीत हाय मला. आणि पातेली घासायला गेली.

तेव्हा धाकटी घेतली. आदेशनंच ती पाण्यात लोटून दिली, गुडघाभर पाण्यात उतरून. दिवाळीला येतो म्हणाला, येईल. श्रेया रडली, तिला पप्पूची हवी होती.

आता रोजचं असं. ठकू पुढं, माझ्याकडं तोंड करून बसते. माझ्या पाठीमागचं तिला दिसतं आणि ऐकू येतं, तिच्या पाठीमागचं मला दिसतं. माझ्या उजव्या बाजूचा हात वर केला की उजवीकडनं कुणी येतंय, डाव्या बाजूचा केला की डावीकडनं. दोन्ही केले की थांबायचं. सोसायटीची माणसं पहिले दोन दिवस हसली. गळपट्टा गुंडाळून बसलेली बाई आणि तिच्या हातांकडं बघत होडी हाकणारा माणूस, हसण्यासारखंच आहे. काठावरच्या बायका लई बोलतात म्हणे, काय ते मला कळत नाही आणि ठकू सांगत नाही.

परवा जाळं टाकून परत येताना तिनं मधेच दोन्ही हात वर केले. मी घाबरून इंजिन बंद केलं. चौफेर बघितलं, होडी नाही, ओंडका नाही, काही नाही. काय झालं म्हणून विचारलं तर मान हलवली. काही न्हाई, म्हणाली, जरा आवाज बंद असावा असं वाटलं. मला काय, इंजिन चालू आणि बंद सारखंच. पण ती तोंड जरा वर करून ऐकत बसली. होडी आपली आपण हळूहळू फिरत होती. मी फळीवर हात ठेवून तिच्याकडं बघत राहिलो. ती काय ऐकत होती ते विचारलं नाही. तिनं हात खाली घेतल्यावर मग दोरी ओढली.

पाहुण्यांना सांग, प्लग बदलून दिला तो चांगला निघाला. भाऊबीजेला ये. मायेत खंड नको.
तुझा,
संपतदादा