पाटलांचा निळा समुद्र

फा. व. ६, शके १८५६. वडीगोद्री

पडद्याला खळ दिली. रामनवमीच्या नाटकात यंदा सेतूचा प्रवेश, म्हणून समुद्राचा पडदा. गावात समुद्र पाहिलेला मी एकटा. नाटक कंपनीचे पडदे रंगवायचो तेव्हा मालवणला रोज खडकांवर जाऊन बसायचो. ते खडक, तो उजेड अजून डोक्यातून जात नाही. आता जागा मिळाली. धर्मशाळेची अख्खी भिंत भरेल एवढा पडदा.

फा. व. १२

काजळी सरसात कालवून खडक उठवले. दगड आपल्याकडच्यासारखाच काळा, पाणी तेवढं परकं. दुपारच्या उन्हातलं, नुकती कल्हई केलेल्या परातीसारखं. साधलं. फार आनंद झाला.

फा. व. १४

पाटील आले. नाटकाचा खर्चा त्यांचा. बराच वेळ बघत राहिले.

"नारायणा, हे काय करून राह्यलास? समुद्र निळा असतो. मधी दोन-चार कमळं काढ."

म्हटलं, मालक, समुद्रात कमळं नसतात.

"तुला म्हाईत. लोकाइला थोडंच म्हाईत हाय?"

समुद्राने वाट द्यावी म्हणून राम तीन दिवस हात जोडून बसला, शेवटी बाण काढला. कमळांच्या तळ्यावर कशाला चिडेल? पोहून गेला असता.

चै. शु. १, शके १८५७. पाडवा

सणासुदीला पाटलांचा निरोप. पडदा निळा झाला नाही तर देवळाच्या भिंती रंगवायचं काम जालन्याच्या माणसाला. त्या कामावरच आमचं वर्ष निघायचं. यमुना म्हणाली, "अवं, निळा करून टाका की. मंग खायाचं काय?" बायकोचं बराबर आहे, म्हणूनच जास्त राग आला. जेवणार नव्हतो. पोळी बघून जेवलो.

करणार नाही. बिलकुल नाही.

चै. शु. ५

यमुनेला धर्मशाळेत नेलं. पडदा सोडून दाखवला. पदर तोंडाशी धरून उभी.

"एवढं पानी असतं व्हय? डोळंच दिपलं."

निळा करू का, विचारलं. घराच्या दारात आल्यावर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तसंच. भिंतीचं बघू मंग."

चै. शु. ८

पाटलांच्या गड्याने नीळ आणून दिली, चांगली मोठी पुडी. सोबत निरोप, जल्दी कर. पुडी समोर ठेवून बसलो. मग उठलो अन् कामाला लागलो. दिवसभर मान वर केली नाही.

चै. शु. ९

नीळ वाया घालवली नाही. सगळी काजळीत घातली. खडक आणखी काळे झाले, ओले दिसतात. पाणी त्यांच्याशेजारी असं पांढरं पेटलंय की आता मालवणच.

सकाळी मंडपात पडदा बांबूला गुंडाळून बांधला. पाटील जन्माच्या कीर्तनाला निघाले होते. वाटेत थांबले.

"नीळ वापरली का रे?"

"वापरली मालक. एक चिमूटसुद्धा ठेवली न्हाई."

खूश होऊन गेले. यमुना म्हणते, नाटकाला ती पुढेच बसणार. दिवेलागणीला पडदा सुटेल.