अ घायपाताचा

बाई, मले विसरल्या असाल तुम्ही. त्यात नवल काही नाई. कानामागं खडू खोसून सगळ्या बालवाडीत खडू शोधणाऱ्या तुम्हीच. तुमचा चष्मा मी किती वेळा तांदळाच्या पिंपातून काढला, ते तुम्हाले आठवणार नाई, पिंपाले आठवत असंल. मी तुमची मदतनीस. धाडच्या अलीकडं आपलं गाव, विहारामागच्या खोलीत बालवाडी, अन् तिथं घराघरातून पोरं गोळा करून आणणारी, चूल पेटवणारी, खिचडी टाकणारी, नाकं पुसणारी ती मी. तुम्ही मले मावशी म्हणायच्या, अन् होती मी तुमच्याहून चार वर्षांनी लहान. आता तुम्हाले देवाघरी जाऊन इतकी वर्षं झाली की मीच तुमच्याहून म्हातारी झाली. आता म्हटलं मावशी, तं शोभते.

हे मी सांगून राह्यली अन् माही नात लिहून राह्यली. अक्षर मले येत नाई, हे तुमच्याइतकं कोणाले ठाऊक? पण कान शाबूत हायेत. मघाशी तिले म्हटलं, झालं तेवढं वाचून दाखव. तिनं वाचलं, "बाई, मला विसरल्या असाल." म्हटलं, "मी 'मले' म्हटलं, तू 'मला' काऊन लिहिलं?" तं म्हणते, "आजी, लिहिताना शुद्ध लिहा लागते." म्हटलं, "पत्र माह्यं हाये, खोड ते." खोडलं तिनं. आवाजावरून वाटते, कागद फाटला असंल. अन् बाई, ह्या एका 'मले'पायीच आमच्या घरात दोन दिवसांपासून कोणी धड जेवलं नाई.

झालं असं, की नात तुमच्या जागेवर लागली. तीच जागा, आता वर स्लॅब हाये, भिंतीवर हत्ती-घोडे काढले हायेत, अन् बालवाडीले अंगणवाडी म्हणतात. बुलढाण्याले ट्रेनिंग करून आली, तिथून कागदाची फुलं, रंगीत तक्ते अन् मला-तुला घेऊन आली. घरी "मले भूक लागली" म्हणते, अन् अंगणवाडीचा उंबरा ओलांडला की तिची जीभ चप्पल बदलते. गुरुवारी तीन वर्षांची एक पोरगी उठली अन् म्हणाली, "मॅडम, मले सू लागली." ही म्हणते, "मले नाही बाळा, मला. म्हण बरं, मला सू लागली." पोरगी गुणाची. पाय आवळून उभी राह्यली, विचार केला, "म... म..." म्हणाली, अन् शुद्ध शब्द तोंडात येईपर्यंत सतरंजीवर सगळं होऊन गेलं. बाकीची पोरं हसली. संध्याकाळी तिची माय आमच्या अंगणात. "पहिले माह्या पोरीले मुतू द्या, मंग भाषा शिकवा!" मी पदरात तोंड घालून हसली, पण नातीकडं पाह्यलं अन् हसू गिळलं. शुक्रवारी पोरगी आली नाई, काल आली नाई. अन् काल दुपारी हिनं एक कागद लिहून, चार घड्या घालून टीव्हीखाली ठेवला. मले वाचता येत नाई, पण डोळे पुसत घडी घातलेला कागद लग्नाची पत्रिका नसते. राजीनामा हाये, उद्या सोमवारी देणार म्हणते. "आजी, मले हे जमत नाई. मी त्या पोरीले सगळ्यांमधी लाजवलं. खामगावच्या कापडदुकानात बसीन, तिथं चुकलं तं कापड वाया जाते, लेकरू नाई." म्हटलं, बरं. पण त्याआधी माह्यं एक पत्र लिहून दे. म्हणून सकाळपासून ओट्यावर बसलो हाओत दोघी.

तुमचा पहिला आठवडा आठवते का? तुम्ही पुण्याकडच्या. "बाळांनो, तुम्हाला काय हवंय?" असं तुम्ही विचारलं की पोरं माह्या मागं लपत. त्यांले वाटे, सुई टोचणारी आली. चौथ्या दिवशी तुम्ही चुलीपाशी आल्या अन् हळूच विचारलं, "मावशी, 'काऊन' म्हणजे काय हो? ती चिमुरडी मला सारखं काऊन, काऊन म्हणते. मला वाटलं कावळा दाखवतेय, मी दोनदा बाहेर जाऊन पाहून आले." मी इतकी हसली की फुंकणी हातातून पडली. तुम्ही ते 'काऊन' पाठ केलं, अन् दुसऱ्या दिवशी पोरांले विचारलं, "काऊन रडते रे हा?" खोलीतली सगळी पोरं एकदम बोलायले लागली. ती मंग तुमची बदली होईपर्यंत गप्प बसली नाईत.

अन् ती एक पोरगी, उंच पेल्यातून परातीत पाणी ओतायची. "कमी झालं," म्हणायची. परत पेल्यात भरायची. "लय झालं." वीस वेळा तेच. मी ओरडणार होती, पाणी विहिरीतून मी ओढते म्हणून. तुम्ही माह्या दंडाले धरलं. "पाणी परत ओढता येईल मावशी. हिला आत्ता हाक मारली, तर हे परत यायचं नाही." मले वाटलं, बाईले काम करायचं नाई, म्हणून पाहत बसली हाये. तिसऱ्या दिवशी ती पोरगी परातीत पाहून म्हणाली, "कमी नाई झालं, पसरलं." तुम्ही माह्याकडं पाह्यलं, जसा काही तिनं आंब्याले अवेळी मोहोर आणून दाखवला. मी खिचडी ढवळत राह्यली, पण ते डोक्यात राह्यलं बाई.

आता पुढचं. नातीच्या हाताले सांगते, इथं थांबायचं नाई. तुम्ही आठ दिवस ट्रेनिंगले गेल्या. मले म्हणाल्या, पोरांना खाऊ घाला अन् खेळू द्या, बस्स. पण माह्या अंगात बाई शिरली. मी तुमचा अक्षरांचा तक्ता खाली काढला, हातात छडी घेतली. अक्षर येत नाई तं काय, चित्रं तं दिसतात! पहिलं चित्र काट्याकाट्याचं, वर टोकदार पात्यांचा झुपका. अननस मी जन्मात पाह्यला नव्हता. आपल्या बांधावर काय असते? घायपात. "म्हणा, अ घायपाताचा!" पुढचं घर मोठं दिसलं, "इ बँकेचा!" पुढं, "ए मेंढ्याचा!" औषधाची बाटली आली, तिथं मी जरा विचार केला अन् म्हटलं, "औ बाटलीचा," तं पोरं एकमेकांच्या बापाकडं... म्हणजे एकमेकांकडं पाहून हसली. आठ दिवसांत अशी पाठ करून घेतली, की झोपेत म्हणतील.

तुम्ही आल्या अन् त्याच दिवशी तपासणीच्या मोठ्या मॅडम जीपमधून आल्या. त्यांनी पहिल्या अक्षरावर छडी ठेवली. तीस तोंडं एकदम, "अ घायपाताचा!" मॅडमनं तुमच्याकडं पाह्यलं. मी दारामागं लपली. तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या, "मीच शिकवलं मॅडम. इथं अननस नसतो, घायपात असतो." मॅडमनं वहीत काहीतरी लांबलचक लिहिलं. ते चांगलं नव्हतं, एवढं मलेबी वाचता आलं. जीप गेली, तुम्ही चुलीपाशी आल्या. मी उगाच फुंकत होती, धुराच्या नावावर रडता यावं म्हणून. तुम्ही विचारलं, "मावशी, अननस पाहिला आहे कधी?" "नाई." "मग तसं सांगायचं पोरांना. मला माहीत नाही, चला शोधू. मोठ्या माणसाच्या तोंडून हे त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं." एवढं रागावल्या, अन् मंग पाटावर बसून जे हसायले लागल्या, "औ बाटलीचा, मावशी!" की तिकडं खिचडी बुडाले लागली. पोरांनी ती खरवड पहिल्यांदा खाल्ली अन् तिच्यापायी मारामाऱ्या केल्या.

पुढच्या आठवड्यात तुम्ही खामगावहून एसटीत मांडीवर अननस घेऊन आल्या. पोरांनी तो हुंगला, टोचून घेतला, एकानं सालीसकट चाटला. एक म्हणाली, "घायपाताले कणीस आलं!" विळीनं कापून फोडी वाटल्या, पाचसहा जिभा चुरचुरल्या, अन् त्यातलं एकबी लेकरू पुढं कधी अ विसरलं नाई.

इथं नातीनं पेन थांबवला. "आजी! तू तं सांगायची, आठ दिवस बालवाडी तू एकटीनं चालवली, शिकवलं म्हणून!" शिकवलंच ना. चुकीचं शिकवलं. लिही.

अन् बाई, एक तुम्हालेबी माहीत नाई. तुम्ही मले पाटी दिली होती, रोज एक अक्षर काढायले. मी तिसऱ्या दिवशी सांगितलं, म्हशीनं पाय दिला, फुटली. फुटली नव्हती. मी अ काढला होता, अन् जिचं नाक मी तेवढ्यात पुसलं होतं ती चार वर्षांची पोरगी वाकून पाहून म्हणाली, "मावशी, उलटा काढला." मले लाज वाटली. तिनंबी आदल्या दिवशी उलटाच काढला होता. पण ती दुसऱ्या दिवशी परत बसली, मी बसली नाई. पाटी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली, ती अजून तिथंच हाये. म्हणून मले त्या सतरंजीवाल्या पोरीची काळजी नाई बाई. पोरं परत येतात. मोठ्या माणसाचं सांगता येत नाई.

नात उठून आत गेली होती. मले वाटलं, रुसली. वहीची पानं संपली म्हणे. आता ज्या कागदावर लिहून राह्यली, त्याले चार घड्या पडलेल्या मले इथून दिसतात. पाठीमागं काय लिहिलं हाये, ते मी विचारलं नाई. तिनंबी सांगितलं नाई. फक्त 'मले' लिहिताना आता पेन अडत नाई.

तं बाई, हा कागद कुठंच धाडायचा नाई, ना तुमच्याकडं, ना मोठ्या मॅडमकडं. पोरी, धाडायची ती खरवड. उद्या अंगणवाडीची खिचडी मुद्दाम जराशी लागू दे. उलथन्यानं बुडाची काढ, कडेची नको, वर तेलाचा थेंब टाक, अन् वाटी झाकून त्या सतरंजीवाल्या पोरीच्या घरी ने. दुसऱ्याच्या हाती नाई, तूच ने. अन् ती "मले अजून" म्हणाली, तं मुकाट्यानं वाढ.